कानसेनचा तळहात

यंत्राचं सगळं शास्त्र शेवटी कानात असतं. डोळे फसवतात, हात थकतात, पुस्तकं जुनी होतात, पण कान माणसाला कधी दगा देत नाही, असं त्यानं येणाऱ्या सगळ्या पिढ्यांना उद्देशून ठामपणे जाहीर केलं, तेव्हा तो कान तपासण्याच्या काचेच्या खोलीत बसला होता, डोक्यावर हेडफोन होते, हातात बटण होतं, आणि तपासणी एकदाची सुरू कधी होतेय याची तो वाट पाहत होता. ऐकायला येणाऱ्या पिढ्यांपैकी एकच प्रतिनिधी हजर होती, दार उघडून उभी राहिलेली पांढऱ्या कोटातली तपासनीस मुलगी. तिनं त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं, मग हलक्या हातानं हेडफोन काढून घेतले आणि तपासणी संपल्याचं सांगितलं. तो हसला. सुरुवातीला काही जाड आवाज आले होते, त्यांना त्यानं इमानेइतबारे बटण दाबलं होतं, आणि नंतर यंत्र बिघडलं असावं किंवा मुलगी चहाला गेली असावी असं धरून तो सभ्य माणसासारखा बसून राहिला होता. तिनं त्याला समोरच्या खुर्चीवर बसवून समजावलं. जाड आवाज अजून येतात. बारीक आणि उंच आवाज गेले आहेत. एका दिवसात गेलेले नाहीत, वर्षानुवर्षं एकेक करून उठून गेले आहेत, म्हणून तर जाताना कळलं नाही. यंत्रांशेजारी आयुष्य काढणाऱ्यांचं असंच होतं. बायकांचे, मुलांचे आवाज आधी जातात. शब्दांच्या कडा जातात, नुसती ढेकळं उरतात. यावर त्यानं वकिलानं उलटतपासणीत हुकमी मुद्दा काढावा तसं विचारलं, "मग आत्ता मी तुमचं ऐकतोय ते काय?" ती म्हणाली, "काका, तुम्ही माझ्या ओठांकडे बघताय."

बाहेर रस्ता नेहमीसारखाच होता आणि तेच त्याला विचित्र वाटलं. बसेस गुरगुरत होत्या, ट्रक घरघरत होते, कुठल्याशा बांधकामावर धपधप चालली होती. त्याच्या मते जगात आवाजाची काहीच टंचाई नव्हती. तो एका तंत्रशिक्षण संस्थेत टर्नर विभागाचा निदेशक होता. शाळा संपवून आलेल्या मुलामुलींना लेथवर लोखंड कातायला शिकवण्यात त्याची उभी हयात गेली होती. विद्यार्थी त्याला पाठीमागे 'कानसेन' म्हणत. ते त्याला ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्याचं तो दाखवत असे, कारण मालकाला कळल्यावर टोपणनावातली मजा जाते. फाटकातून आत शिरता शिरता कुठल्या लेथचं बेअरिंग कुरकुरतंय हे सांगणारा माणूस अशी त्याची ख्याती होती. ती कधीची होती, शेवटचं असं त्यानं कधी सांगितलं होतं, हे बसस्टॉपवर उभं राहून त्यानं आठवून पाहिलं आणि आठवणं मध्येच सोडून दिलं. समोर तारेवर एक पक्षी बसला होता. चोच उघडत होता, मिटत होता, गळा फुगवत होता, अगदी मन लावून. शहरातले पक्षी संपले, असं तो गेली कित्येक वर्षं स्टाफरूममध्ये सांगत आला होता. उंच इमारतींना, धुराला, मोबाइलच्या टॉवरना त्यानं जबाबदार धरलं होतं. एका वर्तमानपत्राला त्यानं तसं पत्रही धाडलं होतं आणि काही वाचकांनी त्याला अनुमोदन दिलं होतं. त्यांच्याही कानांची आता कुणीतरी चौकशी करायला हवी होती. पक्षी तोंड उघडून ओरडत होता आणि त्याच्या तोंडातून काहीच बाहेर पडत नव्हतं, टीव्हीचा आवाज बंद केल्यावर बातम्या देणारी बाई दिसते तसा तो दिसत होता. बस आली. कंडक्टर काहीतरी म्हणाला. त्यानं मान डोलावली. मग त्याला जाणवलं की आपण आत्ता मान डोलावली, आणि कंडक्टर काय म्हणाला हे आपल्याला ठाऊक नाही, आणि हे पहिल्यांदा होत नाहीये.

बस जिकडे निघाली होती त्या संस्थेच्या फाटकाशी नवा उतार होता. प्राचार्य मागच्या वर्षी कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि प्रत्येक शिकणाऱ्याची गरज वेगळी असते अशी त्यांची खात्री पटली होती. खात्री प्रामाणिक होती. तिची अंमलबजावणी मात्र नेहमीच्याच माणसांकडे गेली. चाकाच्या खुर्चीसाठी सुबक उतार बांधला गेला, तो वर चढून थेट दोन पायऱ्यांपाशी संपत होता, कारण उताराचं काम एका ठेकेदाराकडे होतं आणि पायऱ्या पाडायचं दुसऱ्याकडे. तरी विद्यार्थी आले. कागदावरची अक्षरं ज्याच्या डोळ्यांपुढे पाण्यातल्या माशांसारखी हलत, असा एक मुलगा आला. त्याला पिवळ्या कागदावर मोठं ड्रॉइंग काढून दिलं की तो सुतासारखा सरळ चाले. गोंगाट सोसत नाही म्हणून कानांवर झाकणं लावून वेल्डिंग करणारा एक आला. आणि टर्नर विभागात ती आली, लहानपणापासून ठार बहिरी. बोलायची ती, शब्द पुरे असायचे, पण त्यांना चढउतार नसायचा. कुणी कानशीनं घासून सपाट केल्यासारखे ते एका पातळीत बाहेर पडत. वर्गातल्या मुलांनी तिचं नाव 'सायलेन्सर' ठेवलं. दुसऱ्याच दिवशी तिनं स्वतःच्या अॅप्रनच्या पाठीवर खडूनं सायलेन्सरचं चित्र काढून आणलं, तेही मापात, आडव्या छेदासह. मग नाव ठेवणाऱ्यांची पंचाईत झाली. पहिलं सत्र त्यानं तिला बाकावर कानस चालवायला लावलं होतं. यंत्राला हात नाही. बाकीचे लेथवर गेले, ती बाकावरच राहिली, आणि तिची आई एकदा येऊन दाराशी उभी राहून, काही न विचारता परत गेली. आता प्राचार्यांना निर्णय हवा होता. तिला लेथवर घ्यायचं, की संगणकाच्या टायपिंगच्या वर्गात हलवायचं, जिथे सगळं शांतच असतं? तुमचा शब्द शेवटचा, असं त्यांनी सांगितलं होतं आणि उद्या सकाळी तो शब्द त्यांना हवा होता. शब्द तयार होता. कान तपासायच्या रांगेत बसून त्यानं तो मनाशी घोळवला होता: ज्याला यंत्र ऐकू येत नाही, त्याला यंत्राशेजारी उभं करणं हे त्याच्यावर दया करणं नव्हे. वाक्य त्याला आवडलं होतं. त्यात कळकळ होती, अनुभव होता, आणि शेवटी एक छान वजनदार ठेका होता. बस वळणावर कलली तसं ते वाक्य त्याच्या मनात एका बाजूला घरंगळलं.

त्याच्या विभागात एक रिवाज होता. तो त्याच्या उस्तादानं सुरू केला होता, म्हणजे उस्तादाच्याही उस्तादानं सुरू केला असणार. नव्या मुलाला पहिल्या दिवशी चालू लेथपासून हातभर दूर उभं करायचं, डोळ्यांवर कापडाची पट्टी बांधायची आणि विचारायचं: सांग, टूलची धार कधी गेली? धार असलेलं टूल लोखंड कातताना रेशीम फाडल्यासारखा आवाज करतं. धार गेली की आवाजाला खर येते, मग किंकाळी. तो स्वतः असा उभा राहिला होता, ओठांवर मिसरूड नव्हती तेव्हा, गिरणीएवढ्या कारखान्यात, उस्तादाच्या तंबाखूच्या वासाच्या बोटांनी डोळे झाकलेले. पट्टीसुद्धा नव्हती, बोटंच. आता, म्हण आता, असं उस्ताद कानाशी पुटपुटत होता, आणि अंधारातून तो रेशमाचा आवाज येत होता, आणि एका क्षणी त्या रेशमात कुसळ शिरलं आणि तो "आता" म्हणाला, आणि उस्तादानं बोटं काढली, तेव्हा उजेड इतका आला की त्याला वाटलं आपण दुसऱ्यांदा जन्मलो. रेशमाचा तो आवाज! तो आता पृथ्वीवर त्याच्यासाठी कुठेच उरला नव्हता. काचेच्या खोलीत त्या मुलीनं तो नक्कीच वाजवून पाहिला असणार, आणि तो बटण हातात धरून भिंतीकडे बघत बसला होता. हा रिवाज त्यानं दर वर्षी पाळला. याही वर्षी पाळला. एकेक करून मुलं येत होती, तो पट्टी बांधत होता, उस्तादाचीच वाक्यं म्हणत होता, हात आपोआप चालत होते. आणि रांगेत ती आली तशी त्यानं तिच्याही डोळ्यांवर पट्टी बांधली. गाठ मारली. म्हणाला, सांग आता, ऐक. वर्गात एकदम शांतता पसरली असावी. असावी, असंच आता म्हणायला हवं. त्याला ती चेहऱ्यांवर दिसली होती. ती मुलगी उभी होती. आवाज नाही, उजेड नाही. तिला काय सांगितलं गेलं, कशासाठी बांधलं गेलं, काही कळायला मार्ग नाही. तिचा हात पुढे आला, हवेत चाचपडला, लेथच्या टोकाच्या लोखंडी ठोकळ्याला, टेलस्टॉकला लागला आणि तिथे टेकला. टेकून राहिला. तिचे खांदे खाली आले. आणि त्यानं झडप घालून तो हात उचलून बाजूला फेकला आणि ओरडून सांगितलं की चालू यंत्राला हात लावायचा नाही, कधीच नाही. मग पट्टी सोडली. ती रडली नाही. त्याच्याकडे बघत राहिली, दुकानदारानं परत दिलेले पैसे कमी भरल्यावर माणूस जसा बघतो तशी. झाल्या प्रकाराची त्याला लाज वाटली होती, आणि लाज वाटली म्हणून त्यानं ठरवून टाकलं होतं की तिला हे काम जमणार नाही. आपल्याला ज्याची लाज वाटते त्याचं काहीतरी चुकलेलंच असतं, असा निष्कर्ष काढायला माणसाला वेळ लागत नाही.

दुपारी वर्कशॉपमध्ये तेलाचा, तापलेल्या लोखंडाचा आणि साबणपाण्याचा तोच तो वास होता. वास काही गेला नव्हता. त्यानं वासाची मनातल्या मनात हजेरी लावून घेतली. कोपऱ्यातल्या लेथवर एक पोरगा सळई कातत होता, ती बाकावरचं काम संपवून नेहमीसारखी पांढऱ्या रेघेच्या बाहेर उभी राहून बघत होती. स्टोअरवाल्यानं, ज्याला सगळे ऑइलकॅन म्हणत, विचारलं की मास्तर, कुठे होता सकाळी, तब्येत बरी ना. म्हणजे बहुधा असंच विचारलं. त्यानं बहुधाच्या भरवशावर उत्तर दिलं आणि लेथच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला. आज मी मुद्दाम ऐकणार, असं त्यानं ठरवलं होतं. कान देऊन. मोटरची घरघर आली, पट्ट्याची थपथप आली, त्यापलीकडे काही नव्हतं, भिंत होती. तरीसुद्धा त्याला सगळं कळत होतं. कट जरा जास्त आहे, टूल मध्यापासून किंचित खाली बांधलंय, हे कळत होतं, पूर्वी कळायचं तसंच, आणि त्याला वाटलं की तपासनीस मुलगी चुकली, तिची खोली चुकली, यंत्र चुकलं. सुटकेसारखं काहीतरी त्याच्या छातीत वर येऊ लागलं. आणि मग एक बारीक थरथर आली, तळव्यातून मनगटात, मनगटातून कोपरात, चावरी, दाताला खडा लागावा तशी. टूल गेलं, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं हात उचलला. हात? त्यानं हाताकडे पाहिलं. तो हात लेथच्या डोक्यावर, हेडस्टॉकवर होता. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा सपाट, पूर्ण तळवा टेकून. तो तिथे कधी गेला हे त्याला आठवत नव्हतं, कारण तो तिथे नेहमीच जात असावा. किती वर्षं? कान आवाज सोडत गेले आणि तळहातानं ते एकेक करून उचलून घेतले, कुणाला न सांगता, मालकालाही न सांगता, आणि मालक बाहेर कानसेन म्हणून मिरवत राहिला. त्यानं मान वर केली. लेथच्या दुसऱ्या टोकाला ती उभी होती. रेघ ओलांडून आत आली होती, आणि तिचाही हात टेलस्टॉकवरून नुकताच उचललेला, हवेत अधांतरी होता. पोराला अजून काही कळलं नव्हतं, तो आपला कातत होता. आणखी क्षणभरानं त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, म्हणजे आता किंकाळी आली असणार, आणि लगबगीनं टूल मागे घेतलं. ती यंत्राकडे बघत नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती, मग त्याच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा हाताकडे, हिशेब जुळवल्यासारखी. मग त्या सपाट, एकपातळी आवाजात, जो त्याला बऱ्यापैकी ऐकू येत असे आणि आजवर त्याचं त्याला नवल वाटलं नव्हतं, ती म्हणाली, "सर, तुम्हीपण?"

त्यानं काय मीपण, असं दरडावून विचारलं. तिनं नुसता तळहात वर करून दाखवला. तो काळा होता, तेलानं माखलेला. त्याचाही तसाच होता. रेघेच्या बाहेर जा, असं त्यानं बोटानं सांगितलं आणि ती गेली. जाताना तिनं मागे वळून पाहिलं नाही, त्यामुळे त्याच्या ओठांवर आलेलं पुढचं वाक्य वाया गेलं. पाठ फिरवलेल्या माणसाशी बोलता येत नाही, हे तिच्या बाबतीत त्याला ठाऊक होतं. स्वतःच्या बाबतीतही ते तितकंच खरं होतं, हे ध्यानात आलं तेव्हा तो हात धूत होता, आणि साबण हातात तसाच धरून थांबला, कारण त्याला त्याच्या बायकोची पाठ आठवली. स्वयंपाकघरात, ओट्याशी, भांडी घासताना. एक विशिष्ट दिवस होता. ती पाठमोरी राहून काहीतरी म्हणाली होती आणि तो वर्तमानपत्रामागून "बरं" म्हणाला होता. मग ती वळली होती. ओल्या हातांतून पाणी ठिबकत होतं, आणि ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली होती, आणि तो म्हणाला होता, चहा ठेव ना थोडा. तिनं ठेवला होता. तो दिवस त्याच्या मनात का राहिला होता ते त्याला कळत नव्हतं. चहा नेहमीपेक्षा काही वेगळा नव्हता.

संध्याकाळी बायकोनं दार उघडताच निकाल विचारला. तपासणीला तिनंच त्याला पिटाळलं होतं. टीव्हीच्या आवाजानं शेजारी भिंत ठोकतात, असं तिचं म्हणणं होतं, आणि भिंत ठोकल्याचं त्याला कधी ऐकू आलं नव्हतं, म्हणून तो ते खोटं समजत होता. त्यानं सांगितलं. तिनं बसून ऐकलं आणि ती म्हणाली की तिला वाटलंच होतं. तिला वाटलं होतं ते इतकी वर्षं तिनं बोलून का दाखवलं नाही, असं त्यानं जरा चढ्या आवाजात विचारलं, तेव्हा ती म्हणाली की बोलून दाखवलं होतं, पुष्कळदा. मग दोघंही हसली आणि हसू लवकर संपलं. त्यानं तिला खुर्ची ओढून आपल्या समोर बसायला लावलं, दिवा लावला, आणि त्या दिवसाबद्दल विचारलं: तू ओट्याशी होतीस, भांडी घासत होतीस, काहीतरी म्हणालीस, मी बरं म्हणालो, तेव्हा काय म्हणाली होतीस?

"कुठल्या दिवसाचं विचारताय?" ती म्हणाली. "रोजच ओट्याशी असते मी. रोजच तुम्ही बरं म्हणता."

तू वळून बराच वेळ बघत होतीस, असं त्यानं सांगितलं. तेव्हा तिला कळलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली, मग हात मांडीवर सरळ ठेवून, त्याच्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सोडवून बोलली. तिच्या छातीत गाठ लागली होती. त्याला सांगितली नव्हती, परीक्षांचे दिवस होते. एकटी जाऊन दाखवून आली, एकटी रिपोर्टची वाट पाहिली, रात्रीची झोप गेली होती. आणि त्या दिवशी सकाळी कळलं की काही नाही, साधी गाठ आहे. तोंड करून सांगितलं असतं तर रडू फुटलं असतं, म्हणून पाठमोरी सांगितलं. "मी म्हटलं, मला भीती वाटत होती, पण मी मरत नाहीये. आणि तुम्ही म्हणालात, बरं." तिनं पदर नीट केला. "त्यानंतर मी तुम्हाला काही सांगितलंच नाही. म्हणजे सांगत होते. भाजी संपली, पाहुणे येणार, गॅसवाला आला होता. ते सगळं सांगत होते." तो तिच्या ओठांकडे बघत होता. इतक्या जवळून, इतका वेळ, त्यानं ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर पाहिले नव्हते. त्यांच्या कोपऱ्यांत बारीक उभ्या रेघा आल्या होत्या. मला ऐकू आलं नव्हतं गं, असं त्यानं म्हणायला हवं होतं, आणि ते खरं होतं, आणि ते सांगून सुटताही आलं असतं. पण ऐकू येत नव्हतं हे ठाऊक नसणं, आणि ठाऊक करून न घेणं, यांत एक बारीक फट असते. मापायचं हत्यार नसलं की फट नाहीच असं वाटतं. तो मापायच्याच धंद्यातला होता. त्यानं हात पुढे केला आणि तिच्या हातावर ठेवला, सपाट, पूर्ण तळवा टेकून, आणि तिच्या मनगटातून येणारी हलकी, नियमित थपथप त्याला कळत राहिली. ती म्हणाली, हात खरखरीत झालेत तुमचे. हे त्यानं दिव्याच्या उजेडात नीट वाचलं.

सकाळी तो प्राचार्यांसमोर बसला तेव्हा ते वजनदार वाक्य त्याच्याजवळ नव्हतं. दुसरंही नव्हतं. सर, ती लेथवर जाईल, एवढंच त्यानं सांगितलं. कानानं नाही, हातानं शिकेल, मी शिकवीन. प्रत्येक लेथवर एक दिवा लागेल, मोटरवर ताण आला की पेटणारा, आणि यंत्र थांबवायचं लाल बटण दोन्ही हातांना पोचेल असं. चालू यंत्रावर हात ठेवायची एक ठरलेली जागा पिवळ्या रंगानं रंगवून द्यावी लागेल, म्हणजे हात दुसरीकडे जाणार नाही. आणि ज्याला ऐकू येत नाही त्यानं लेथजवळ उभं राहायचं नाही असं ठरणार असेल, तर त्याची सुरुवात माझ्यापासून करावी लागेल. प्राचार्य हनुवटीवर हात ठेवून, खाली कागदांत बघत, काहीतरी लांबलचक बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मान डोलावली नाही. तो म्हणाला, "सर, मला ऐकू आलं नाही. हात काढून परत सांगता?" प्राचार्यांनी हात काढला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर एक जुनं, मोठं दुःख उमटलं. इतकी वर्षं सभेत तुम्ही मान डोलावत होतात, ते म्हणाले, मला वाटायचं या संस्थेत निदान एका माणसाला माझं म्हणणं पटतं. मग त्यांनी जे परत सांगितलं ते असं होतं की मुलीला महिनाभर लेथवर घ्यावं, त्याच्या नजरेखाली, दिवे बसल्यावर. मात्र त्याचा स्वतःचा प्रश्न समितीपुढे न्यावाच लागेल, आता कळल्यावर न कळल्यासारखं करता येणार नाही, आणि समिती काय म्हणेल ते त्यांच्या हातात नाही. कदाचित त्याला लेथवरून उतरवून ड्रॉइंगच्या वर्गात बसवतील. निवृत्तीला फारसे दिवस नाहीत, असंही ते समजुतीनं म्हणाले. तो उठला. दाराशी त्याला वाटलं की पाय जरा हलके आहेत आणि तळहात मात्र जड झालेत, काहीतरी सोडून द्यायचं असलं की होतात तसे.

वर्कशॉपमध्ये अजून कुणी आलं नव्हतं. यंत्रं गप्प होती, सगळ्यांसाठी सारखीच गप्प. ती एकटी बाकाशी उभी होती, सवयीनं लवकर आलेली, कालचं काम कानशीनं पुढे नेत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि तिनं कानस खाली ठेवली. मग तो बोलला. आयुष्यात इतकं एका दमात तो कधी बोलला नव्हता, लग्नात नाही, उस्ताद गेला तेव्हा नाही. पट्टी बांधली ते चुकलं, तो म्हणाला. त्याहून, तुझा हात फेकला ते चुकलं, कारण माझा हात तिथेच होता, रोज होता, आणि मी तुला मना केलं ते मी स्वतः करत होतो आणि त्याला कान म्हणत होतो. काल तू विचारलंस, तर हो, मीपण. त्यानं तिला काचेच्या खोलीचं सांगितलं, पक्ष्याचं सांगितलं, रेशीम फाटल्यासारखा एक आवाज असतो आणि तो त्याला आता कधीच येणार नाही हे सांगितलं. तुला तो आवाज ठाऊकच नाही, माझा होता आणि गेला, आपल्या दोघांत कोण जास्त गरीब ते मला समजत नाही, असंही तो म्हणाला. दिवे बसले की तू लेथवर उभी राहशील. मी किती दिवस उभा असेन ते ठाऊक नाही, पण असेन तोवर जे माझ्या तळव्याला ठाऊक आहे ते सगळं तुझ्या तळव्याला देईन. आधी पुष्कळ लोखंड वाया जाईल, जाऊ दे. थांबून त्यानं डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि वाट पाहिली. त्याला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल, आणि ते काय असेल याची त्याला थोडी भीती वाटली.

ती डोळे बारीक करून, कपाळावर आडवा हात धरून त्याच्याकडे बघत होती.

"सर," ती म्हणाली, "तुमच्या मागं खिडकी आहे, सगळा उजेड माझ्या डोळ्यांत येतोय. ओठ दिसलेच नाहीत. जरा या बाजूला येऊन परत सांगता?"